एकाक्षाचा दुसरा डोळा

एका राज्यात एकदा दुपार अडकली ती अडकलीच. वर्षातला सगळ्यांत लहान दिवस होता. सूर्य कलता झाला, डोंगराच्या शेंड्यावर हातभर उरला, तिथेच थांबला, आणि पुढे सरकायचं नाव घेईना.

लोकांनी आधी वाट पाहिली, मग जांभया दिल्या, मग गोंधळ घातला. जेवण झालं की व्हायचंय, हे कुणाला सांगता येईना. गवळ्याने एकाच गाईची धार चारदा काढायला घेतली, चौथ्यांदा गाईने त्याला लाथ मारली. कोंबडे आरवले, पुन्हा आरवले, मग लाजून गप्प बसले. राजज्योतिषाने पंचांग उघडलं, मिटलं, उलटं धरून पाहिलं, आणि घरी जाऊन डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला. काल कोणता आणि उद्या कोणता, यावरून सख्ख्या भावाभावांत जुंपली.

हे कशाने झालं ते राज्यात एकाच बाईला ठाऊक होतं, आणि तिलाही अर्धंमुर्धंच. ती साळू चितारीण.

साळूच्या घराण्यात सात पिढ्या चित्रं काढत आल्या होत्या आणि सात पिढ्यांच्या रीती पक्क्या होत्या. माणूस काढायचा तो बाजूने काढायचा. एक गाल, एक कान, एक डोळा. समोरून तोंड कुणाचंच काढायचं नाही, मग तो राजा असो की राक्षस. धावता घोडा काढायचा तर आठ पायांचा काढायचा, म्हणजे पाहणाऱ्याला वेग दिसतो. आणि डोळा काढायचा तो सगळ्यांत शेवटी, खारीच्या केसांच्या कुंचलीने, श्वास रोखून. त्याला ते डोळा उघडणं म्हणत. डोळा उघडला की चित्र पाहू लागतं. मग तो डोळा चिताऱ्याच्या हाताने मिटत नाही, पुसत नाही, धुऊनही जात नाही.

राजा भद्रसेनाकडे उत्तरेच्या थंड मुलखातली एक चित्रपोथी होती. कातड्याची पानं, निळेपांढरे रंग, काठावर दोन डोमकावळे काढलेले. कसरीने ती जागोजाग खाल्ली म्हणून राजाने साळूकडे दुरुस्तीला दिली. मधल्या पानावर एक म्हातारा होता. रुंद टोपी, पांढरी दाढी, लाल झगा, पाठीवर पोतं, खाली घोडा. घोड्याला आठ पाय. साळू मनात म्हणाली, वा, तिकडचे चितारीही आपल्यासारखेच की! म्हाताऱ्याचं तोंड बाजूने काढलेलं होतं आणि डोळ्याच्या जागी नुसती खाच होती. दुसऱ्या कुठल्या मुलखातला चितारी असता तर थबकला असता, चार जणांना विचारता झाला असता. साळूच्या डोक्यात ते येणंच शक्य नव्हतं. एका गालावर एक डोळा असायलाच हवा. नाही म्हणजे कसरीने खाल्ला.

तिने डोळा काढला आणि शेवटी बुबुळाचा ठिपका दिला.

म्हाताऱ्याने डोळा मिचकावला. "अरेच्चा," म्हणाला. घोड्यावरून खाली उतरला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पानाच्या काठावरून पलीकडे चालता झाला. घोडा त्याच्या मागे निघाला तो आपल्याच पायांत अडखळत. पान कोरं राहिलं आणि तिकडे सूर्य थांबला.

त्याच घटकेला साळूच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. मंजुळा तिचं नाव, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. कळ आली ती वाढेना आणि ओसरेना. भरून आलेलं आभाळ ना बरसतं ना पांगतं, तशी ती पोर पडून राहिली. द्वारका सुईण तीन गावांतली जाणती, तिने पोटावर हात ठेवला आणि तिचाही चेहरा उतरला.

"साळूबाई, पोर वाटेतच थांबलंय. असं मी कधी पाहिलं नाही."

"मग काय करायचं?"

"दिवस हलेल तेव्हा ते हलेल. पण तुझ्या लेकीचा जीव किती धरेल ते मला विचारू नको."

साळू तशीच पोथी घेऊन दरबारात गेली आणि घडलं ते सांगून टाकलं. राजाच्या डोक्यावर मुकुट होता आणि पायांत रात्रीच्या खडावा. निजावं की न्याय करावा, हे त्याचं ठरत नव्हतं.

"साळू, डोळा तू उघडलास?"

"होय महाराज."

"मग मिटव."

"उघडलेला डोळा चिताऱ्याच्या हाताने मिटत नाही, महाराज."

"मग कुणाच्या हाताने मिटतो?"

साळूला ठाऊक नव्हतं. प्रधानालाही नव्हतं. तेव्हा पोथीच्या काठावरून दोन डोमकावळे उठले, पंख झटकून राजाच्या सिंहासनाच्या पाठीवर येऊन बसले. दरबाराने फारसं आश्चर्य केलं नाही. आश्चर्य करायची ताकदच कुणात उरली नव्हती.

"मी विचार," पहिला म्हणाला.

"मी आठवण," दुसरी म्हणाली. "निदान काल तरी होते. काल होता ना?"

"म्हाताऱ्याचे आम्ही कावळे," विचार म्हणाला. "तिकडे कुणी त्याला ओडिन म्हणतं, कुणी नाताळचा म्हातारा म्हणतं, कुणी नुसतं एकाक्ष. फार पूर्वी त्याने आपला एक डोळा झाडाखालच्या विहिरीत टाकला आणि बदल्यात शहाणपण प्याला. त्या शहाणपणावर तो सगळ्यांत लहान दिवशी घोडा बाहेर काढतो आणि सूर्याला हाकून उत्तरेकडे वळवतो. या बाईने डोळा परत दिला. डोळा आला तसं शहाणपण विहिरीत परत गेलं. आता त्याला वाट ठाऊक नाही, काम ठाऊक नाही, स्वतःचं नाव ठाऊक नाही."

"आणि उपाय?" राजाने विचारलं.

"उपाय हिला पाठ होता."

आठवणीने मान वाकडी केली, बराच वेळ चोच उघडी ठेवली. "डोळा त्याने आपण होऊन द्यायला हवा," ती म्हणाली. "ओढून नाही, फसवून नाही. वाटेत तिघं भेटतात. एक मांजर. एक बोकड. तिसरं… तिसरं कोण गं बाई?"

"तिसरा तो म्हातारा स्वतःच," विचार म्हणाला.

साळूने पदर खोचला, गेरूची वाटी घेतली, कुंचली अंबाड्यात खोवली आणि कोऱ्या पानावर पाय ठेवला. पान तिच्या वजनाने आत गेलं आणि ती पलीकडे उतरली, मागोमाग दोन्ही कावळे.

पलीकडे सगळं पांढरं होतं. साळूला वाटलं कापूस पिंजून टाकलाय. उचलला तर गार. मग वाटलं मीठ असावं. चाखून पाहिलं तर बेचव, आणि तोंडात पाणी झालं. "हे कशाचं?" तिने विचारलं. "हिम," विचार म्हणाला. "कशाला घातलंय?" दोन्ही कावळे पुढे उडाले. चप्पल ओली झाली, बोटं बधिर झाली, आणि चालून किती वेळ झाला हे कळायला मार्ग नव्हता, कारण वेळ होतच नव्हता. एकाएकी तिला मंजुळेचा चेहरा दिसला आणि ती पळत सुटली.

पळता पळता ती एका मांजराला धडकली. मांजर धान्याच्या कोठाराएवढं होतं.

"थांब," मांजर म्हणालं. "या दिवशी अंगावर नवं वस्त्र नसेल त्याला मी खाते. तशी रीत आहे."

"का म्हणून?"

"ते मला ठाऊक होतं," मांजर म्हणालं आणि जरा ओशाळलं. "पण खाते एवढं नक्की."

साळूच्या अंगावर नऊ वर्षांचं लुगडं होतं, त्यावर नऊ वर्षांचे डाग. पळावं तर हिमात पाय रुततात, रडावं तर आसवं गालावरच गोठतात. मग रीतीला रीतच भिडवावी असं तिच्या मनात आलं. ती खाली बसली, वाटीत हिम विरघळवलं, गेरू कालवला, आणि लुगड्याच्या काठावर वेल काढायला लागली. पान, कळी, पान, कळी. मांजर बघत राहिलं.

"हे नवं?"

"असा काठ कुणी कधी नेसलेलं नाही. आणि रंग अजून ओला आहे. हुंगून पाहा."

मांजराने नाक लावलं. नाकाला गेरू लागला, मांजर शिंकलं, आणि त्या शिंकेने साळू वीस हात पुढे जाऊन पडली. "नवं आहे," मागून आवाज आला. "जा."

पुढे एक फाटक होतं आणि फाटकात गवताचा बोकड उभा होता. शिंगं गवताची, दाढी गवताची, पेंढ्या पेंढ्यांना लाल दोऱ्याने आवळलेल्या. तो फाटक अडवून स्वतःशीच वाद घालत होता.

"बाई," तो म्हणाला, "मी कोण ते सांगशील तर सोडीन. मी गर्जणाऱ्या देवाचा रथ ओढतो, की घरोघर भेटी पोचवतो, की दारावर शिंगं आपटून पोरांना भिववतो? तिन्ही खरं वाटतं. तिन्ही एकदम कसं असेल?"

साळूला तो देव ठाऊक नव्हता, तो रथ ठाऊक नव्हता, भेटींचा तर गंधही नव्हता. कावळ्यांकडे पाहिलं तर आठवण दुसरीकडेच बघू लागली. पण साळूने जन्मभर एकच काम केलं होतं; समोरची वस्तू नीट पाहायची. ती बोकडाभोवती फिरली. मानेपाशी गवत झिजून गुळगुळीत झालं होतं, जू बसतं तिथे. पाठीवर ते दबलेलं होतं, ओझं बसतं तिथे. आणि शिंगांची टोकं तुटलेली होती, त्यांत दारांचे निळे-हिरवे रंग अडकलेले.

"तू तिन्ही होतास," ती म्हणाली. "पण एकदम नाही. मानेची झीज सगळ्यांत जुनी. त्यानंतर शिंगांची. पाठीची सगळ्यांत ताजी. माणसं बदलत गेली तसं तुझं काम बदलत गेलं."

बोकडाने मान वळवून आपली पाठ पाहिली. "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

फाटकापलीकडे एक झाड होतं. एवढ्या थंडीत त्याचं एकही पान गळलेलं नव्हतं. झाडाखाली विहीर, विहिरीच्या काठावर लाल झग्यातला म्हातारा. समोर घोडा बसला होता. आठ पायांतला कोणता आधी उचलायचा हे न ठरल्यामुळे त्याने सगळेच पोटाखाली घेतले होते.

"ये बाई, ये!" म्हातारा हसून म्हणाला. त्याच्या तोंडावर दोन डोळे होते आणि दोन्ही लहान पोरासारखे लकाकत होते. "हे झाड पाहिलंस? ती फांदी जवळ आहे आणि ती लांब आहे! मला आतून वाटतं, आजवर मला सगळं भिंतीवरच्या चित्रासारखं सपाट दिसत होतं. आता हात घालता येईल असं दिसतं. तुझं नाक पुढे आहे आणि कान मागे. किती छान!"

साळूने पदर सावरला. ती एका रागीट देवाची विनवणी करायला आली होती. समोर हा बसलेला.

"बरं, एवढं कोडं सोडव," म्हातारा म्हणाला आणि झाडामागे बोट दाखवलं. तिथे जोड्यांचा ढीग होता. चामड्याचे, लाकडाचे, लोकरीचे, सगळे इवलाले. "सगळे एकेकटे. जोडीतला दुसरा कुठेच नाही. प्रत्येकात गवत भरलेलं. मी सगळे घालून पाहिले, एकही होत नाही."

साळूच्या गावी जोडे दाराबाहेर काढत, त्यांत गवत कुणी भरत नसे. तिचंही डोकं चक्रावलं. तिने एक जोडा उचलला, आत बोटं घातली, गवत हातावर पसरून पाहिलं.

"बाबा, हा जोडा पोराचा आहे आणि गवत घोड्याचं आहे. यातले काटे एकेक करून वेचून काढलेत. घोड्याच्या जिभेला टोचू नयेत म्हणून. म्हणजे घोडा येणार, हे त्या पोराला ठाऊक होतं, म्हणून एक जोडा त्याच्यासाठी ठेवला."

"कुणाचा घोडा?"

"तुमचा."

"मग मी का गेलो नाही?"

"तुम्हाला वाट ठाऊक नाही. ती ठाऊक होती तेव्हा तुम्हाला एक डोळा होता. दुसरा मी काढला. चूक माझी."

"चूक कसली, उपकार आहेत!" म्हातारा म्हणाला. मग त्याने नव्या डोळ्यावर हात ठेवला. "तू तो परत मागायला आलीस."

"होय."

"दिला तर काय मिळतं?"

"शहाणपण, असं कावळे म्हणतात."

"ते बरं असतं का?"

आता खोटं बोलायची वेळ होती. होय म्हटलं असतं तर या भोळ्याने लगेच विश्वास ठेवला असता. मंजुळेचा कण्हणारा आवाज साळूच्या कानांत होता आणि जिभेवर होय तयार होता. पण तिने चित्र पाहिलं होतं, आणि पाहिलेलं तिला नाकारता येईना.

"मला नाही वाटत, बाबा," ती म्हणाली. "चित्रात तुमच्या कपाळावर तीन आठ्या होत्या. आता एकही नाही."

"मग मी का देऊ?"

"माझी लेक अडकली आहे. तिचं बाळ आत अडकलंय. सूर्य हलला नाही तर दोघं जातील." आणि ती रडायला लागली. मघापासून आवरून धरलेलं सगळं रडणं एकदम आलं.

"ती माझी कोण लागते?"

"कुणी नाही."

म्हाताऱ्याला ते समजेना. त्याने कावळ्यांकडे पाहिलं. "पहिल्यांदा दिला तेव्हा मला काय हवं होतं?"

"सगळं जाणायचं होतं," विचार म्हणाला.

"आणि आता मला काय हवंय?"

"आता तुला काहीच नकोय."

म्हाताऱ्याने जवळची फांदी पाहिली, लांबची फांदी पाहिली. घोड्याच्या कपाळावर हात ठेवून त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग साळूच्या हातातला जोडा घेतला, आत डोकावला, गवताचा वास घेतला.

"काटे वेचलेत म्हणतेस," तो म्हणाला.

"होय बाबा."

"बरं तर. मला काही कळत नाही, पण घे."

त्याने अंगठा लावला आणि पिकल्या सीताफळातून बी काढावी तसा डोळा काढून विहिरीत टाकला. आवाजही झाला नाही. पाणी काठापर्यंत वर आलं. म्हाताऱ्याने ओंजळभर पाणी पिऊन डोकं वर केलं, तेव्हा कपाळावर एक आठी पडली, मग दुसरी, मग तिसरी. हसू ओठांवरून निघून गेलं. घोडा आठही पायांवर ताठ उभा राहिला.

"साळू, मंजुळेची आई," एकाक्ष म्हणाला. तिने त्याला लेकीचं नाव सांगितलं नव्हतं. "पहिल्या वेळी मी काय घेतलं ते मला ठाऊक होतं. या वेळी काय दिलं ते आत्ता कळलं. मागे बस."

आवाज भरदार होता, आणि त्यात ओळखीचं काही उरलं नव्हतं.

त्याने जोडे पोत्यात भरले, घोडा हाकला. आठ पाय हिमावर ओळीने पडू लागले. घरं आली, गावं आली. एकाक्षाने गवत घोड्याला चारलं, जोड्यांत खाऊ घातला, आणि ज्याचा जोडा त्याच्या उंबऱ्यावर टाकला. एकाही ठिकाणी तो चुकला नाही आणि एकाही ठिकाणी थांबून हसला नाही. डोंगराच्या शेंड्यापाशी येऊन त्याने सूर्याला हाक घातली. अडलेला बैल दाव्याला हिसका बसल्यावर हलतो तसा सूर्य हलला, पुढे सरकला, आणि डोंगराआड गेला.

राज्यात अंधार पडला तेव्हा लोक रस्त्यांवर येऊन आनंदाने ओरडले. गाई गोठ्यांत गेल्या. ज्योतिषाने पांघरुणातून तोंड बाहेर काढलं. साळू पानातून उतरली तेव्हा म्हातारा चित्रात घोड्यावर परत बसला होता, डोळ्याच्या जागी खाच घेऊन.

राजाने पोथी दिव्याजवळ धरली. "चित्र अपुरं दिसतं."

"नाही महाराज, पुरं आहे. मला पाहता आलं नव्हतं."

राजाने मान डोलावली, मुकुट काढून ठेवला आणि निजायला गेला. साळू घराकडे धावली. उंबऱ्यात पाऊल टाकते तोच आतून रडणं ऐकू आलं, नव्या गळ्याचं, संतापलेलं. द्वारकेने नात तिच्या ओटीत घातली. मंजुळा घामाने चिंब झाली होती आणि हसत होती. साळूने नातीचे हात मोजले, पाय मोजले, लेकीच्या कपाळावरून हात फिरवला, आणि मग तिचे डोळे वाहायला लागले ते थांबेनात.

"आई, आता का रडतेस? सगळं नीट झालं ना?"

"झालं गं. एक भला माणूस भेटला होता. आता तो नाही."

"कोण?"

"ज्याने तुला मोकळं केलं तो."

"मेला?"

"नाही. घोड्यावरून हिंडतोय, सगळ्यांची कामं करतोय." साळूने नातीला छातीशी धरलं. "पण आता त्याला सगळं कळतं."

अशी त्या राज्याची अडलेली दुपार सुटली. ऐकणाऱ्यांच्या घरचं जे काही अडलं असेल, तेही असंच सुटो.